टेपवरचे लाल टाके

प्रिय रेवा आणि अनीश,

नलूआजी जाऊन आता दीड महिना होईल. परवा फोनवर अनीशने विचारलं, "ती डॉक्टर होती ना, मग खेड्यात घरोघरी का फिरायची?" ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आज लिहिते आहे.

तुमची नलूआजी, माझी धाकटी बहीण, सोलापूरला मेडिकल कॉलेजात शिकवायची. मधुमेह आणि लठ्ठपणा म्हणजे शहरातल्या बसून खाणाऱ्यांचे आजार, असं तेव्हा सगळे म्हणत. शेतात राबणाऱ्या बायकांनाही ते होतात का, हे तिला घरोघरी जाऊन पाहायचं होतं. त्यासाठी तिने जवळचं वळसंग गाव निवडलं. सुट्टी असली की सोबतीला मी जायची. प्रत्येक घरी आधी चहा, अगदी पाकासारखा गोड. नको म्हटलं तर घरची बाई दुखावणार, म्हणून नलू निमूट प्यायची. पण कंबर मोजायची म्हटलं की बायका मागे सरत. लुगड्याच्या निऱ्यांवरून घेतलेलं माप खोटं येतं, आणि निऱ्या सैल करायला कोणी तयार नव्हतं. "ताई, अशाने फक्त पुरुषांचीच मापं घेऊन परत जावं लागेल," नलू मला म्हणाली. रडायच्या बेतात होती.

शेवटी सरूबाई नावाची एक वयस्कर बाई पुढे आली. "आदी तुमची कंबर मोजू द्या की अक्का. तुमी तरी कुटं बारीक हाय?"

नलू चांगलीच स्थूल होती. मला वाटलं, आता चिडणार. तिने दार लोटून घेतलं, साडी सैल केली आणि टेप सरूबाईच्या हातात दिली. माप निघालं तशा सगळ्या हसायला लागल्या. "आमच्यात कुनीच एवढी न्हाय," म्हणत सरूबाईने सुई घेतली आणि टेपवर त्या जागी लाल दोऱ्याचा टाका घातला. "आता बोटाला पन टोचून घ्या." नलूने तेही केलं. यंत्रावरचा साखरेचा आकडा तिने दोनदा पाहिला, मग सगळ्यांना तो जसाच्या तसा वाचून दाखवला. "मलाच आहे साखर," ती म्हणाली. सरूबाईने तिच्या पुढ्यातला चहाचा कप उचलून आत नेला.

त्यानंतर निऱ्या सैल करायला कोणी आढेवेढे घेतले नाहीत. साखर असूनही पत्ता नसलेल्या कितीतरी बायका त्यात सापडल्या आणि औषधाला लागल्या. नलू पुढे वर्षानुवर्षं जात राहिली. दर वेळी आधी अक्काची कंबर, मग बाकीच्यांची. नवा टाका आत सरकला की कौतुक व्हायचं, बाहेर गेला की झाडाझडती. "दिवाळीत कुनाकुनाकडं लाडू हानलं अक्का, खरं सांगा." गावात बिनसाखरेच्या चहाला 'अक्काचा चहा' म्हणू लागले होते.

नलूची स्वतःची साखर मात्र उशिरा कळली होती. शेवटी मूत्रपिंडं थकलीच. शेवटच्या आजारात ती इतकी वाळली, की टेप काढायचं माझ्या मनातही आलं नाही.

तेराव्याला वळसंगहून बायका आल्या. सरूबाई आता नाही. अंगणवाडीत मापं घेणारी तिची सून आली होती. मी टेप तिच्या हातात दिली. तिने टाक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आमच्याकडं. हिच्याशिवाय बायका मोजू देत न्हाईत."

टेप आता वळसंगच्या अंगणवाडीत खिळ्याला टांगलेली आहे. मापं तिनेच घेतात. टाके शाबूत आहेत.