अर्धा हात

९ जुलै १९६४, गुरुवार. खाचराच्या बांधाला खेकड्यांनी भोकं पाडली होती आणि ती मी चिखलाने बुजवत होते. शनिवारी उरलेली लावणी व्हायची होती, तोवर पाणी टिकायला हवं होतं. एक भोक बुजवलं की दोन हातांवर दुसरं सापडे. पाचच्या एसटीचा आवाज आला तरी मी उठले नाही. चिठ्ठी असेल तर दुकानदार हाक मारील, असं ठरलेलं होतं.

त्याने हाक मारली.

चिठ्ठी पुण्याच्या टायपिंग क्लासच्या मालकांची होती. लग्नाआधी मामाकडे राहून मॅट्रिक झाले तेव्हा टायपिंगची परीक्षा दिली होती. पुढे वीस वर्षं त्याचा उपयोग झाला नाही. यजमान शाळामास्तर होते, त्यांना दम्याने घरी बसवलं, तेव्हा मी पुण्याला जाऊन त्या क्लासच्या वहीत नाव घालून आले. कुठल्या कचेरीतली टायपिस्ट रजेवर गेली की कचेरीवाले या गृहस्थांना निरोप धाडत आणि हे वहीतलं एक माणूस बदली म्हणून पाठवत. मुळशीत फोन नव्हता. माझी चिठ्ठी ते एसटीच्या कंडक्टरकडे देत, तो ती फाट्यावरच्या दुकानात टाके. अशी दोन वर्षांत मी सहा कचेऱ्यांत बसले होते. कुठे चार दिवस, कुठे आठ. कुठल्याच कचेरीत माझा कप ठेवण्याइतकी मी राहिले नाही.

या चिठ्ठीत लिहिलं होतं, "उद्या शुक्रवारी सकाळी साडेनऊला क्लासवर यावे. तीन महिन्यांची जागा. जमत नसल्यास पुढे चिठ्ठी येणार नाही."

ते शेवटचं वाक्य जूनमधल्या प्रकारामुळे होतं. तेव्हा ओढ्याला पाणी येऊन एसटी दोन दिवस आली नव्हती आणि मी गेले नव्हते. मालकांनी तो नकार धरला. म्हणजे आता न जाऊन चालणार नव्हतं. आणि शुक्रवारी जाऊनही चालणार नव्हतं, कारण शुक्रवारी मी काकींच्या खाचरात होते.

काकी म्हणजे शेजारच्या. आमच्याकडे लावणी वारंगुळ्याने होते. आज सगळ्या बायका माझ्या शेतात, उद्या सगळ्या तुझ्या. मजूर कुणाला परवडत नाहीत, त्यामुळे माणसाची फेड माणसानेच करायची. मंगळवारी काकी आणि आणखी सात जणींनी माझं अर्धं रान लावून दिलं होतं. शुक्रवारी काकींचं, शनिवारी माझं उरलेलं. मी शुक्रवारी गेले नाही तर शनिवारी कुणी येणार नव्हतं आणि वाफ्यातलं रोप आधीच वयात आलं होतं. त्या अर्ध्या रानावर आमचं दिवाळीनंतरचं खाणं होतं.

हात धुऊन काकींकडे गेले. त्या चुलीपुढे बसल्या होत्या.

"काकी, उद्याचं मला जमणार नाही. पुण्याची चिठ्ठी आलीये."

"आली का पुणेकरनीची चिठ्ठी!" त्यांनी मान वर केली नाही. "आन् माज्या खाचरात कोन वाकनार? कंडक्टर?"

"तीन महिन्यांचं काम आहे."

"भात बी तीन म्हयन्यांचंच हाय."

तेवढ्यात माझ्या मागोमाग सासूबाई आल्या. त्यांना दुकानावरच कळलं होतं.

"मी येते तिच्या बदली," त्या म्हणाल्या.

काकी आता हसल्या. "ही कचेरीत दुसरीच्या जागी, आन् हितं हिच्या जागी तुमी. बरं चाललंय. पर तुमी वाकल्यावर तुमाला उठवायला आनखी एक बाई लागंल त्याचं काय?"

"माज्या वाकन्याचं तू नगं बघूस. तुज्या लग्नात दोन पोती भात मी कांडलंय."

"ते व्हय. पर आत्याबाई, खरं सांगू का, तुमचा अर्धा हात धरीन. पुरा न्हाई. बाकीच्या बाया बोलतील."

"उरलेला अर्धा मी देते," मी म्हटलं. "तुमचं रोप उपटायचं राहिलंय ना? पहाटे उपटते. सहाच्या एसटीपर्यंत."

काकींनी जरा विचार केला. "साठ मुठी," त्या म्हणाल्या. "कंदील मी आनते."

पहाटे चारला आम्ही दोघी वाफ्यात होतो. पाऊस बारीक होता. इरल्याखाली कंदील ठेवायचा तर उजेड रोपापेक्षा गुडघ्यावरच जास्त पडे. रोपात गवत बरंच माजलं होतं. दिवसा ते वेगळं दिसतं, अंधारात दोन्ही एकत्रच हातात येतं आणि गवताची पात कापते. साठ मुठी झाल्या तेव्हा पावणेसहा होत आले होते. ओढ्यावर पाय धुतले, पिशवीतलं कोरडं लुगडं काकींच्या गोठ्यात बदललं आणि एसटी पकडली. पौडपर्यंत बोटं ओलीच वाटत होती. नंतर पाहिलं तर ती सुजली होती आणि उजव्या तर्जनीवर आडवा काप होता. नखांतला चिखल केसातल्या आकड्याने काढला.

क्लासवर वेळेत पोचले. बाकावर वीसेक वर्षांची एक मुलगी बसली होती, घडी केलेला रेनकोट मांडीवर घेऊन. माझ्यासारखीच चिठ्ठी तिच्याही हातात होती.

मी मालकांकडे पाहिलं.

"पावसाळ्यात मी दोघींना बोलावतो," ते म्हणाले. त्यांना त्यात काही लपवायचं नव्हतं. "तुमच्या एसटीचा भरवसा नाही, बाई. कचेरीला मला माणूस द्यावंच लागतं. आज दोघी आलात, तर एकेक पान करून दाखवा."

त्यांनी दोन यंत्रांवर कागद चढवले. इंग्रजी पत्र होतं, नेहमीचं. एरवी असं पान मी न बघता काढते. त्या दिवशी बोटं वाकत होती पण सुटत नव्हती. एका किल्लीवरून उचलावीत तोवर दुसरी दाबली जाई. अर्ध्या पानात चार चुका झाल्या आणि तर्जनीचं रक्त कागदाच्या कडेला लागलं. शेजारच्या यंत्राची घंटी माझ्या दीडपट वाजत होती.

मालकांनी दोन्ही पानं पाहिली. "हाताला काय झालं?"

"भाताचं रोप उपटलं."

"कधी?"

"आज पहाटे."

"मग आज कशाला आलात?"

"तुम्ही लिहिलं होतंत, जमलं नाही तर पुढे चिठ्ठी नाही."

त्यांनी वही पुढे ओढली. मग म्हणाले, "आलात, एवढं वहीत राहील. पण जागा हिला." मुलगी मला म्हणाली, "मावशी, राग मानू नका." मी म्हटलं, "तुझं पान चांगलं आहे." ते खरंच चांगलं होतं. शिवाय ती रोज सायकलने वेळेवर पोचणार होती. त्यांच्या जागी मी असते तरी तिलाच पाठवलं असतं.

परतीच्या गाडीत झोप लागली. फाट्यावर कंडक्टरने उठवलं तेव्हा तीन वाजून गेले होते. घरी न जाता सरळ काकींच्या खाचराकडे गेले. सासूबाई ओळीत सगळ्यांच्या मागे होत्या, एक हात कमरेवर आणि एका हाताने रोप लावत. मी लुगडं खोचून खाली उतरले आणि त्यांच्या हातातली मूठ घेतली.

"तुम्ही वर जा, आत्याबाई."

"लागली का नोकरी?"

"नाही."

त्या बांधावर जाऊन बसल्या. काकी ओळीच्या पुढच्या टोकाहून ओरडल्या, "आलीस व्हय? सासू अर्धी, पहाटंची तू अर्धी, आन् आता परत तू. आता ह्यो वरचा हात मी कसा फेडू?"

"उद्या लवकर या."

"उद्या येतेच की. ते तर ठरल्यालंच हाय."

पाच वाजता एसटी आली आणि गेली. दुकानदाराने हाक मारली नाही. सात वाजेपर्यंत आम्ही काकींचं शेवटचं खाचर संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर्जनीला चिंधी बांधली, भाकऱ्या टोपलीत घातल्या आणि आधी दुकानावर गेले. दुकानदाराला सांगितलं की आज मी दिवसभर लावणीत आहे, चिठ्ठी आली तर शेतावर आणून द्या. मग खाचरात उतरले. काकी आधीच येऊन बांधाची भोकं तपासत होत्या.