बारीक ठेवलेला बर्नर

वास गॅसचा नव्हता, रबराचा होता. तास संपवून स्टाफरूमकडे निघालो होतो, तो तसाच उलटा फिरलो. लॅबमध्ये कुणी नव्हतं. तिसऱ्या टेबलावरचा बर्नर वरून विझलेला दिसत होता, पण आतून सूंऽऽ असा आवाज येत होता. नळी खालून लालसर झालेली, आणि तिला जोडलेला रबरी पाइप मऊ पडून वाकलेला. मी आधी टेबलाचा गॅसकॉक बंद केला. बर्नरला हात लावला नाही. खिडक्या उघडल्या आणि मग ओरडलो, "सुमनबाई!"

केज तालुक्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात मी अठ्ठावीस वर्षं केमिस्ट्री शिकवली. सुमनबाई आमच्या लॅब अटेंडंट. आधी त्या होस्टेलच्या मेसमध्ये स्वयंपाक करायच्या. चुलीच्या धुराने दम लागायला लागला म्हणून त्यांना लॅबमध्ये घेतलं होतं, सहा महिन्यांच्या ट्रायलवर. माझा रिपोर्ट चांगला गेला तर ऑर्डर कायम, नाहीतर पुन्हा मेसची चूल. नांदूरघाटहून रोज पहिल्या बसने यायच्या आणि माझ्या आधी लॅब उघडून बसायच्या.

त्या पाण्याची कळशी घेऊन आल्या.

"हा बर्नर कुणी चालू ठेवला?"

"म्या ठेवला, सर. फुडच्या तासाला लागनारच हाय म्हनून बारीक केला अन् पानी आनाय गेलते."

"बारीक कशाला केला?"

"मंग मोठा ठेवून जाऊ व्हय? उगा गॅस जळतोय की."

घरच्या शेगडीला हे चालतं. दूध तापवताना माझी बायकोही तेच करते. बर्नरचं मात्र तंत्र वेगळं आहे. बर्नर म्हणजे एक उभी नळी. तळातल्या बारीक छिद्रातून गॅस येतो. त्याच्या थोडं वर हवेसाठी भोकं असतात आणि ती झाकायला एक फिरती कडी. भोकं उघडी असली की गॅसमध्ये हवा मिसळते, ज्योत निळी आणि कडक होते. भोकं झाकली की ती पिवळी आणि मऊ होते. आता भोकं उघडी ठेवून गॅस बारीक केला, तर त्याचा जोर कमी पडतो, ज्योत वर टिकत नाही. ती नळीतून खाली उतरते आणि तळाशी जळत राहते. बघणाऱ्याला वाटतं, विझला. नळी तापत जाते, रबर वितळतं आणि गॅस मोकळा सुटतो. याला आम्ही स्ट्राइक बॅक म्हणतो.

वासाने प्राचार्यही आले. पाइप बघून त्यांचा चेहरा उतरला.

"जगताप सर, उद्या एखाद्या पोरीची ओढणी पेटली म्हणजे? संध्याकाळपर्यंत रिपोर्ट द्या. बाईंना मेसमध्ये पाठवू परत."

ते गेले. सुमनबाई रडल्या नाहीत, विनवण्याही केल्या नाहीत. कळशी खाली ठेवली आणि भिंतीकडे बोट केलं.

"सर, तितं लिवलंय तसंच केलं की म्या."

मला राग आला. त्या पाटीवर काय लिहिलंय ते मला चांगलं माहीत होतं, कारण ती मीच लिहिली होती. बावीस वर्षांपूर्वी, माझ्या वळणदार अक्षरात. तरी वाचली. नियम पाचवा: 'बर्नर वापरात नसताना ज्योत बारीक ठेवावी.' बस्स, एवढंच. आधी भोकं झाकायची, हे लिहिलंच नव्हतं. मला ते इतकं उघड वाटलं असणार, की लिहायची गरज वाटली नसेल.

मला लाज वाटली. मग प्रश्न पडला, बावीस वर्षांत काही झालं कसं नाही? उत्तर सोपं होतं. पाटी कुणी वाचतच नव्हतं. पोरं काम झालं की कॉक फिरवून पळायची. माझी पाटी वाचून तिच्याप्रमाणे वागणारं पहिलं माणूस म्हणजे सुमनबाई.

रिपोर्ट चार ओळींचा झाला. प्राचार्यांनी तो दोनदा वाचला.

"सर, हे तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध लिहिलंय."

"हो."

"रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत तुमची."

"म्हणूनच आत्ता लिहिलं. नंतर राहून गेलं असतं."

"बरं, पाटी बदला. अन् बाईंचं काय करू?"

"त्यांना पाठवलंत तर नवी पाटी वाचणार कोण?"

ते हसले आणि सही करायला पेन शोधू लागले.

नवी पाटी आम्ही दोघांनी केली. मी लिहायचं, बाईंनी अडवायचं.

"सर, 'वापरात नसताना' म्हंजी किती येळ? मानूस पानी आनाय गेला तर, का गावाला गेला तर?"

शेवटी असं ठरलं: लॅबबाहेर जाताना बर्नर बंदच करा. टेबलापाशी थांबणार असाल तर आधी भोकं झाका, ज्योत पिवळी झाली की मगच बारीक करा. निळी ज्योत उन्हात दिसत नाही, पिवळी दिसते. आतून सूं आवाज आला तर बर्नरला हात लावू नका, टेबलाचा कॉक बंद करा.

बाईंची ऑर्डर कायम झाली त्या दिवशी त्यांनी पेढे आणले. मी खुशीत होतो. त्याच खुशीत आणखी एक पाटी लिहिली आणि टांगण्याआधी त्यांच्या हातात दिली: 'आग लागल्यास लाल बादलीतील वाळू टाकावी.'

त्यांनी सावकाश वाचली, कोपऱ्यात जाऊन बादलीत डोकावून आल्या.

"सर, अक्षर लई छान हाय. पन बादलीत वाळू न्हाई."

मी जाऊन बघितलं. खडूचे तुकडे होते आणि एक फुटकं नरसाळं. पेढा तोंडात तसाच राहिला. दुपारी आम्ही बांधकामावरून दोन घमेली वाळू आणली, आणि मगच पाटी टांगली. तेव्हापासून मी कुठलीही सूचना लिहिली की आधी सुमनबाईंना वाचायला द्यायचो, आणि त्या वाचत असताना तोंडात काही ठेवायचो नाही.