दर्शनाची नडगी

हे माझ्या मुलांना ठाऊक नाही. नवरा गेला, त्यालाही ठाऊक नव्हतं. किती वेळा तोंडापर्यंत आलं आणि मी ते गिळलं. आता लिहूनच टाकते. चौथीपर्यंत शिकले, अक्षर वाकडं येतं, पण तुम्हाला वाचता येईल.

मी हाडं बसवते. रेवदंड्याच्या अलीकडे आमचं गाव. हात सासूकडून आला — मुरगळलेला घोटा, निखळलेला खांदा, कमरेतली लचक. पैसे घेत नाही, नारळ घेते. आमच्याकडे घरटी एक कबड्डी खेळणारा. रविवारी सामने झाले की सोमवारी माझ्या ओटीवर लंगड्यांची रांग.

खेळणारी माणसं दुखण्याबद्दल खोटं बोलतात. सामना तोंडावर असला की काहीच दुखत नाही, सराव चुकवायचा असला की सगळंच दुखतं. म्हणून मी त्यांना भिंतीकडे तोंड करायला लावते आणि दाबताना त्यांच्या पायाच्या अंगठ्याकडे बघते. तो आखडला की समजायचं. दुखणं तळहाताएवढं पसरलेलं असेल तर मांस धरलंय. एकाच बोटाखाली असेल, आडवं पडल्यावरही ठणकत असेल — तर हाड. एवढंच माझं शास्त्र. पण एवढं मला येतं. येत होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी म्हणणार नाही की मला कळलं नाही.

दर्शना शेजारच्या सुगंधाची मुलगी. तेव्हा एकोणीस वर्षांची. गावच्या सामन्यांतून जिल्ह्याच्या संघात मुली घेणार होते, आणि सगळ्यांच्या तोंडी हिचंच नाव. आठ दिवस राहिले असताना सुगंधा तिला घेऊन आली.

ही पोरगी इतरांसारखी नव्हती. तिने लपवलं नाही. नडगीवर स्वतःच बोट ठेवलं. "आजी, हितंच. येवढ्याच जागी. निजले तरी ठणकतंय."

मी दाबलं. अंगठा आखडला. एका पायावर उड्या मारायला लावल्या, तिसऱ्या उडीला तिने भिंत धरली. आणखी काय कळायचं बाकी होतं?

सुगंधा म्हणाली, "मावशी, अलिबागला फोटो काढायला नेऊ काय? हाडात काय असल तर पोरीला खेळवायची न्हाय."

आणि मी म्हणाले, "फोटो कशाला? नस चढलीय. तेल लाव, पट्टी बांध, खेळू दे."

का म्हणाले? — सांगते. आदल्या वर्षी प्रकाश नावाच्या एका खेळाडूला मी सांगितलं होतं, हाड चिरलंय. तो घरी बसला, त्याचा संघ हरला, आणि फोटोत काहीच निघालं नाही. मासळीबाजारात बायकांना विषय मिळाला. "मावशीच्या बोटात मशीन हाय म्हणं! मावशे, या पापलेटाचं काटं मोजून दे गं जरा." मीपण हसले. घरी येऊन जेवले नाही. त्या दिवशी ठरवलं, हाड वाकडं दिसल्याशिवाय हाडाचं नाव काढायचं नाही.

बस. हसतील म्हणून. दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही.

दोन दिवसांनी दर्शना एकटी आली. "आजी, तेल लावलं, तरी तितंच दुखतंय. खरं सांग, खेळू ना?"

तेव्हा तरी बोलता आलं असतं. ओटीवर कोणी नव्हतं. मी म्हणाले, "खेळ. घाबरट हायस काय?"

ती खेळली. दुसऱ्या डावात चढाईला गेली, वळली, उडी मारून पाय टेकला — आणि दोरीबाहेर बसलेल्या आम्हा बायकांना आवाज ऐकू आला. तिला कोणी हातही लावला नव्हता.

अलिबागला सळई घातली. डॉक्टर सुगंधाला म्हणाले, चीर जुनी होती, दोन महिने पाय टेकला नसता तर आपोआप जुळली असती. असली चीर कधी कधी पहिल्या फोटोत दिसतही नाही, असंही म्हणाले. म्हणजे प्रकाशचंही माझं बरोबर असेल. हे ऐकून मला आधी बरं वाटलं. पोरगी खाटेवर पडलेली, आणि मला बरं वाटलं — बघा, कसली मी.

मग सुगंधाने विचारलं, "मावशी, तुला कळलं न्हाय?"

मी म्हणाले, "तिनं नीट सांगितलंच न्हाय. खेळायचं होतं ना तिला. लपवलं पोरीनं."

गावाला पटलं. खेळणारे लपवतातच. पण दर्शनालाही पटलं, ते कसं? खाटेवरून म्हणाली, "व्हय आये, मीच जोर देऊन बोलले न्हाय." दोनदा मी तिला काही नाही म्हणून परत पाठवलं होतं. आपल्याच दुखण्यावरचा तिचा विश्वास उडाला असेल. तो मी उडवला. मी तिथे उभी होते.

याला बारा वर्षं झाली. जिल्ह्याकडून ती कधी खेळली नाही. आता शाळेत मुलींना कबड्डी शिकवते. जिना चढताना पाय ओढते. मागच्या महिन्यात एका मुलीला घेऊन माझ्याकडे आली, गुडघा दुखतो म्हणून. मुलगी बसायच्या आधीच दर्शनाने सलवार वर करून तिला नडगीवरचा व्रण दाखवला. "आजीला सगळं खरं सांगायचं. मी लपवलं होतं, बघ काय झालं."

माझ्या हातात तेलाची वाटी होती. मी म्हणाले, फोटो काढून घ्या. तेवढंच म्हणाले. त्या नारळ ठेवून गेल्या.

दर्शनाने काही लपवलं नव्हतं. बोट ठेवून दोनदा सांगितलं होतं. मला दोन्ही वेळा कळलं होतं.