डाव्या सोंडेचा ब्लॉक

उलटेकाकांच्या समोर बसून पत्र लिहायची सोय नव्हती. टेबलाच्या पलीकडे ते पान चघळत बसलेले असायचे, नजर छताच्या पत्र्याकडे. मी मैत्रिणीला चार ओळी लिहून मान वर केली की म्हणायचे, "पोरी, आशीर्वादातला शी दीर्घ आहे." उलटं, आडवं, आरशातलं, कसलंही अक्षर ते सुलट अक्षरासारखं वाचत. खरं म्हणजे सुलट वाचायलाच त्यांना थोडा वेळ लागायचा. वर्तमानपत्रसुद्धा ते उलटं धरून वाचत. मेहकरात नवा आलेला एखादा भला माणूस, यांना अक्षरओळख नाही असं समजून, शेजारी बसून बातमी मोठ्याने वाचून दाखवायचा. काका शांतपणे पूर्ण ऐकून घ्यायचे आणि मग त्याने गाळलेली ओळ त्याला सांगायचे.

त्यांचा छापखाना होता. एक पायाने चालवायचं ट्रेडल मशीन, शिशाच्या खिळ्यांची खणाखणांची कपाटं, आणि शाईचा वास. खिळ्यावरचं अक्षर उलटं कोरलेलं असतं, तेव्हा कुठे कागदावर सुलटं उमटतं. अशी उलटी अक्षरं जुळवण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांचं खरं नाव पाटीवर होतं, पण ते पोस्टमनशिवाय कुणी वाचलं नसावं.

परवा त्यांची आठवण आली ती माझ्या नातीमुळे. मुक्ता पुण्यात असते, कॉम्प्युटरवर हलती चित्रं करते. तिचा फोन आला, "आजी, जीव टांगणीला लागलाय. नवीन कार्ड घ्यावं की जुनंच ठेवावं, काही ठरत नाही." मी म्हटलं, "कार्ड? अगं, मुलगा कोण, कुठला, ते तर सांग आधी." ती आधी पोटभर हसली. मग तिने समजावलं की ग्राफिक्स कार्ड म्हणजे लग्नाची पत्रिका नव्हे. मशीनच्या पोटात बसवायची पट्टी असते, तिच्यामुळे चित्र नीट उमटतं. तिची जुनी पट्टी मधूनच चित्र अडकवते. मी म्हटलं, बाई, चित्र नीट उमटावं म्हणून नवी पट्टी आणायचा हट्ट मीसुद्धा केला होता, आणि तोही लग्नाच्या कार्डासाठीच.

तेव्हा मी अठरा वर्षांची, नुकतीच मॅट्रिक झालेली, म्हणजे जगातलं सगळं ज्ञान संपवून बसलेली. आमचा भाजीचा मळा होता. वांगी तोडताना मी इंग्रजी स्पेलिंगं म्हणायची, वांग्यांना कळावं म्हणून. छापखाना आमच्याच गल्लीत. काकांना प्रुफं तपासायला कुणी हवं होतं, तर काकूंनी माझं नाव सुचवलं. दुपारचे दोन-तीन तास मी तिथे बसायची आणि घरी येऊन सांगायची की छापखाना मी चालवते.

काकांचं एकच म्हणणं असे, "उलटून पाह्य." काहीही ठरवायचं झालं की हेच. एकदा एक गृहस्थ तावातावाने जाहीर नोटीस छापायला घेऊन आले, की माझ्या सख्ख्या भावाशी यापुढे माझा संबंध नाही. काकांनी ती वाचली आणि मग दोघा भावांची नावं अदलाबदल करून मोठ्याने पुन्हा वाचली. "हे तुमच्या नावानं गावभर लागलं तर कसं वाटते, ते पाहून घ्या. मग छापू." गृहस्थ कागद घडी करून खिशात घालून गेले. छापखान्याचं काम गेलं म्हणून मला राग आला. काका म्हणाले, "तू काऊन फुगून राह्यली? दिवाळीले दोघं मिळून कॅलेंडर छापाले येतील."

आणि आले.

तर आमच्या छापखान्यात लग्नपत्रिकांवर छापायला गणपतीचा एकच ब्लॉक होता. लाकडी ठोकळ्यावर ठोकलेला जस्ताचा पत्रा, त्यावर कोरलेला गणपती. अर्ध्या तालुक्याची लग्नं त्याने लावली होती. पण तो छापला की पुसट यायचा. पोट दिसे, तर मुकुट नाही. मुकुट दिसला, तर उंदीर गायब. माझं लग्न ठरलं आणि मी जाहीर केलं की माझ्या पत्रिकेवर हा झिजका गणपती चालायचा नाही, नवीन ब्लॉक आणा.

काका म्हणाले, "जुन्याले काय झालं? खाली कागद लावू, येईन वर." मला तो चिकटपणा वाटला. मी रोज भुणभुण लावली. ते रोज जुना ब्लॉक हातात घेत, फिरवून बघत, परत ठेवत. नवीन घ्यावा तर हा कुठे टाकायचा, आणि नवीन आल्यावर लोक जुन्यावर छापून घेतील का, आणि ज्यांची लग्नं यावर झाली त्यांना काय वाटेल, असे त्यांचे एकेक प्रश्न. ब्लॉकसाठी एवढा विचार करणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता. शेवटी माझे वडील बियाणं आणायला अकोल्याला निघाले, तेव्हा काकांनी मान तुकवली. "जा त्याहिच्यासंगं. तुले आवडते तो आण. डाव्या सोंडेचा पाहून घेजो फक्त."

एवढंच सांगायचं त्यांना सुचलं, आणि एवढंच मी केलं.

उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळं-ओवळं फार. पत्रिकेवर तो कुणी घालत नाही, कारण पत्रिका शेवटी कुठेही पडते. दुकानदाराने दोन ब्लॉक पुढे ठेवले. एकाची सोंड डावीकडे मोदकाच्या हातावर वळलेली, दुसऱ्याची उजवीकडे. मी लगेच डाव्या सोंडेचा उचलला. दुकानदार म्हणाला, ताई, कागदावर एक ठसा काढून दाखवतो. मी म्हटलं, गरज नाही, मी छापखान्यातच असते.

उलट्या अक्षरांच्या घरात वर्षभर वावरलेली मी, ब्लॉकसुद्धा उलटाच असतो हे माझ्या डोक्यात आलं नाही. आज मला ती पोरगी भेटली तर मी तिच्या वेण्या धरून तिला आरशासमोर उभी करीन.

परत आलो तर काका साडूच्या तेराव्याला चिखलीला गेलेले. थांबायला हवं होतं. पण मला कुठला धीर? मशीनवर पाय मारणारे सखारामभाऊ होते, त्यांना मी हुकूम सोडला. शाई जास्त घ्यायला लावली, गणपती ठसठशीत यावा म्हणून. पत्रिकेचा कागद पातळ, गुलाबी. शाई पाठीमागून दिसायला लागली तरी मी म्हटलं, येऊ द्या. मजकुराचा काना-मात्रा मी तीनदा तपासला. गणपती तपासावा लागतो हे काही मॅट्रिकला नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पत्रिका घरच्या देवापुढे ठेवली आणि त्यातल्याच थोड्या घेऊन वडील पिंपळगाव राजाला, मुलाकडच्यांना अक्षत द्यायला गेले.

दुपारी काका आले. मी मोठ्या दिमाखात पत्रिका त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती पाहिली. मग फिरवली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना छापलेला कागद सरळ धरून पाहताना पाहिलं.

"पोरी," ते म्हणाले, "हा उजवा आहे."

मला वाटलं, लग्न मोडलंच. कारण मुलाकडे एक आजी होती. पुढे ती माझी आजेसासू झाली, पण तेव्हा ती नुसती धास्ती होती. तिने आधीच्या दोन मुली नाकारल्या होत्या. एक मोठ्याने शिंकली म्हणून, दुसरीने पोह्यांची बशी डाव्या हाताने दिली म्हणून. आणि मला तो मुलगा हवा होता. बघायला आले तेव्हा माझ्या हातून सुपारी गडगडत खाटेखाली गेली. तो कुणाला न सांगता वाकला, सुपारी काढली आणि हसू दाबत माझ्या तबकात ठेवली. एवढ्या भांडवलावर मी सगळं आयुष्य ठरवून टाकलं होतं. आता त्यांच्या दारी मी स्वतःच्या हाताने कडक गणपती पाठवलेला.

काका रागावले नाहीत. त्यांनी कोट काढला, जुना ब्लॉक घेतला, रॉकेलच्या फडक्याने पुसला. रद्दी प्रुफाच्या चार चिंध्या कापून त्याच्या लाकडाखाली लावल्या आणि एक ठसा काढला. मुकुट आला, मोदक आला, उंदराच्या मिशासुद्धा आल्या. इतकी लग्नं लावून त्याला मिशा आहेत हे कुणाला माहीत नव्हतं.

"झिजला नव्हता," ते म्हणाले. "लाकूड खाली बसलं होतं. आधार पाह्यजे होता."

हे ते मला महिनाभर सांगत होते.

सगळ्या पत्रिका त्याच संध्याकाळी नव्याने छापल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने काका स्वतः पिंपळगावला निघाले. वडील म्हणाले, मी जातो. काका म्हणाले, छापणाऱ्याची चूक छापणाऱ्यानंच सांगावी. मी म्हटलं, काका, चूक तर माझी आहे. ते म्हणाले, "ते आपल्याले माहीत आहे. त्याहिले काऊन सांगावं?"

तो दिवस मी कसा काढला ते विचारू नका. मळ्यात जाऊन मेथी खुडायला बसले आणि कोथिंबीर खुडून आणली. काका मुक्कामालाच राहिले, त्यामुळे रात्रही तशीच गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गल्लीत शिरले. आधी पाणी मागितलं. मग पान लावलं. मग काकूंना चिखलीचा राहिलेला निरोप सांगितला. मी दाराला धरून उभी. शेवटी काकूच म्हणाल्या, "सांगा ना हो एकदाचं, पोरगी मरून राह्यली."

तर झालं होतं असं. काकांनी जाऊन आजीपुढे हात जोडले. म्हणाले, माह्यी चूक झाली, म्हातारपणी नजर फसली, ह्या नव्या पत्रिका घ्या अन् त्या द्या. आजी उठली आणि त्यांना देवघरात घेऊन गेली. तिथे भिंतीवर, देवांच्या शेजारी, आमची पत्रिका खळीने चिकटवलेली होती. कोरी बाजू वर करून. पातळ कागद आणि मी ओतलेली शाई. पाठीमागून गणपती स्वच्छ दिसत होता.

आजी म्हणाली, "काल आला तवाच पाह्यलं म्या. उजवा होता. उलटून लावला, डावा झाला."

काकांनी विचारलं, "पण आजी, अक्षरं उलटी झाली ना."

"सुलटी होती तवा तरी म्या कुठं वाचली, बाप्पा? मले वाचताच येत नाही."

काकांनी आधी त्या गणपतीला हात जोडले. मग धीर करून विचारलं, लग्नाचं काय? तर आजी म्हणाली, "लग्नाले काय झालं? पोरगी हसते जास्त, पण पोरगं बी तिच्याच वळणाचं आहे. जेवून जा."

एवढं सांगून काकांनी माझ्याकडे पाहिलं. "ते बाई बी उलटं वाचते. तुह्यं निभन तिथं."

मी रडले, हसले, आणि मग कोथिंबिरीवरून आईची बोलणी खाल्ली. इतकं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही. आजेसासूशी माझं निभलं, चांगलंच निभलं. ती पत्रिका तिने भिंतीवरून कधी काढू दिली नाही.

पाठवणीच्या वेळी काकांनी माझ्या हातात प्रुफाच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. तो नवीन ब्लॉक होता. मी म्हटलं, काका, यापुढे याची कशाला आठवण? ते म्हणाले, "हे छापाचं नाही. असंच ठेवाचं. पाह्य, आहे तसा डावाच आहे. तुले दिसला तो काही चूक नव्हता."

पुढे त्यांच्या शेवटच्या आजारात मी मेहकरला गेले तेव्हा ते खाटेवर बसून, उलटं धरून, वर्तमानपत्र वाचत होते. डॉक्टरने घरच्यांना काय सांगितलं ते मला काकूंनी बाहेर गाठून सांगितलं होतं आणि यांना कळू देऊ नको म्हणाल्या होत्या. मी हवापाण्याच्या गप्पा मारू लागले. काका म्हणाले, "नको लपवू. डॉक्टर समोर बसून लिहून राह्यला होता. म्या इकून वाचलं." मग माझा उतरलेला चेहरा बघून पुढे म्हणाले, "त्यानं एक शब्द चुकीचा लिहिला होता, तो सांगितला त्याले." मी नको तिथे हसले. त्यांनाही तेच हवं होतं.

मुक्ताला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आजी, माझ्या कार्डाला सोंड नाही. पण दोन दिवसांनी तिचा फोटो आला. तिने मशीन उघडलं होतं. कार्ड जड, ते एका अंगाने खाली लोंबत होतं म्हणे. तिने त्याखाली माझ्याच शिवणाच्या डब्यातून मागे कधीतरी नेलेलं रिकामं रीळ उभं केलंय. सध्या चित्र अडकत नाही.

गेल्या आठवड्यात ती इथे आली होती. माझ्या देवघरात ठेवलेला काकांचा ब्लॉक तिने हातावर घेतला, मला शेजारी ओढलं आणि सेल्फीसाठी फोन समोर धरला. मग एकदम म्हणाली, "आजी, यात तर तो उजवा दिसतोय गं."

मी म्हटलं, "उलटून पाह्य."