हातांचं कडं

हे मी कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगतो आहे — का, ते मलाही नीटसं कळत नाही.

सन तीसच्या आसपासची गोष्ट. महाडच्या शाळेत मी पदार्थविज्ञान शिकवायचो, आणि बरं शिकवायचो, उगाच नम्रतेचा आव कशाला आणू? आंबेनळी घाटातलं पाणी खाली धावतं ते उंचीमुळे, तसा विजेलाही दाब लागतो — ते व्होल्टेज. तारेतून फिरतो तो विद्युत्भार. तो संपत नाही, फिरून बॅटरीत परत येतो. खर्च होते ती ऊर्जा. पोरांना हे काही केल्या पटेना. म्हणून मी तारेच्या वेटोळ्यांचं एक यंत्र आणलं. बॅटरीचा दाब ते इतका वाढवायचं की अंगाला मुंग्या येत. मुलांनी हात धरून कडं करायचं, टोकाच्या दोघांनी पितळी मुठी धरायच्या. मधला एक हात सुटला की सगळं बंद.

गंगाराम पोलादपूरकडचा. अस्पृश्य म्हणून दाराबाहेर, ओटीवर बसून शिकायचा. त्या दिवशी तो उठून उंबऱ्याशी आला. "गुर्जी, मी पन हात धरू काय?"

त्याचा हात कोण धरणार होतं? मी धरू शकलो असतो — माझे दोन्ही हात रिकामेच होते. पण संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, आणि मला नोकरीची धास्ती. नुसतं 'नको' म्हटलं असतं तरी चाललं असतं. तसलं 'नको' त्याच्या सवयीचं होतं. पण ते म्हणणारा माणूस मला व्हायचं नव्हतं ना. मग मी — कसं सांगू — शास्त्र पुढे केलं. म्हटलं, "तुझ्या अंगातून वीज जायची नाही. काही अंगं असतात तशी."

त्याने मान डोलावली, जागेवर जाऊन बसला. माझं शिकवणं त्याने कधी खोटं धरलंच नव्हतं.

पुढे शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला आले. विचारलं, वीज कशाकशातून जात नाही? आतली मुलं चाचपडली. दाराबाहेरून गंगाराम म्हणाला, "काच, लाख, रबर... आनि मी."

साहेब हसले. वर्ग हसला. तो माझ्याकडे बघत राहिला, उत्तर बरोबर असल्याचं मी सांगेन म्हणून. मीही हसलो, आणि त्याला खाली बसायला सांगितलं.