अप्पा आणि आमचा कोबा

समस्त मराठी जनांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, या भूतलावर कोब्याविषयी शेवटचा शब्द बोलण्याचा अधिकार फक्त एका माणसाला होता, आणि तो माणूस नेमका माझा सासरा होता. कृपया कुणी उभे राहू नये. अप्पांना ते आवडलं असतं, पण तुम्ही उठताच त्यांनी तुमच्या पायाखालची फरशी ठोकून पाहिली असती.

ठोकणं ही त्यांची सवय. सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून जन्म गेलेला. कुणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आत खाली वाकून बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि यजमानांना आनंदाची बातमी द्यायचे, "चार फरश्या पोकळ आहेत." लोक त्यांना तरीही पुन्हा बोलवत, यावरून आपल्या समाजाची सहनशक्ती लक्षात यावी. अप्पा जाऊन आता दोन वर्षं झाली. हल्ली लोकांच्या घरात खाली वाकून ठोकतो तो मी. मुग्धा, म्हणजे माझी बायको, अशा वेळी ओळख दाखवत नाही.

नेदरलँड्समध्ये हूफडॉर्पला आम्ही घर घेतलं तेव्हा अप्पा तीन महिन्यांच्या व्हिसावर आले. मुग्धाचा एकच हट्ट होता. वास्तुशांतीला अप्पा समोर बसलेले हवेत. त्यांच्या परतीच्या आधीचा शनिवार ठरला. जमिनीवर गरम पाण्याचे पाइप अंथरून, वर दुधासारखा पातळ कोबा ओतून झाला होता. तो वाळला की टाइल्स.

टाइल्स बसवणारा हेंक साठीचा, दाराला डोकं लागेल एवढा उंच, आणि बोलणं मोजून मापून. पाइपातलं पाणी रोज थोडं थोडं गरम करत न्यायचं, मग तसंच हळूहळू उतरवायचं, म्हणजे कोब्यातली ओल निघून जाते, असं त्याने समजावलं. ओल मोजायचं यंत्र त्याच्या खिशातच असे. अप्पांनी माझ्यामार्फत विचारलं, "आणि तोवर आपण काय करायचं?"

"वाट पाहायची," हेंक म्हणाला.

अप्पांनी माझ्याकडे वळून मराठीत शेरा मारला, "याला काही येत नाही."

"साइटवर विश्वास ठेवायचा नसतो जावईबापू, हजेरी ठेवायची असते," हे त्यांचं ब्रीद. आमच्या भाड्याच्या फ्लॅटपासून नवं घर दहा मिनिटांवर. किल्ली त्यांनी पहिल्याच दिवशी जप्त केली. रोज सकाळी कानटोपी, स्वेटर आणि वर माझं जाकीट चढवून ते फिरायला जात आणि देवदर्शन घडल्यासारखा चेहरा करून परत येत. आम्ही धन्य झालो. म्हटलं, म्हाताऱ्याला डच हवा मानवली.

पहिल्या आठवड्यात हेंकने यंत्र टेकवून मान हलवली. दुसऱ्या आठवड्यात आकडा उतरायचा, तो चढला. त्याने यंत्र बदलून आणलं. नवं यंत्रही जुन्याच्याच बाजूने बोललं. तिसऱ्या आठवड्यात खिडकीपाशी एक गडद डाग दिसला. हेंकने त्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि जाहीर केलं, "खाली पाइप गळतोय. फोडून बघावं लागेल." वास्तुशांत नऊ दिवसांवर आली होती. मुग्धाचा चेहरा पडला.

"काय म्हणतोय हा?" अप्पांनी विचारलं.

"कोबा फोडायचा म्हणतोय, अप्पा."

"फोडायचा? वेड लागलंय का याला? म्हणावं, एक तडा दाखव. एक! रोज सकाळी दोन झाऱ्या पाणी मारतोय मी, ते काय उगाच?"

तीन आठवडे आम्ही खालून वाळवत होतो आणि हे वरून भिजवत होते! मी भाषांतर केलं. इतक्या आनंदाने मी आयुष्यात दुसरं काहीही भाषांतरित केलेलं नाही. हेंकने अप्पांना कानटोपीपासून बुटांपर्यंत निरखलं. "गळके पाइप पाहिले, गळकी छपरं पाहिली," तो म्हणाला. "गळका सासरा पहिल्यांदाच पाहतोय."

मग त्याने सांगितलं की हा कोबा सिमेंटचा नव्हे, जिप्समचा. सिमेंटला पाण्याने बळ येतं, याचं पाण्याने वाटोळं होतं. मी भाषणाच्या तयारीत होतो. अप्पा मात्र गुडघे टेकून खाली बसले, हेंककडून यंत्र मागून घेतलं, स्वतः टेकवलं, आकडा वाचला. मग खिशातून डायरी काढली. "विचार त्याला, किती आला की चालतं?" पुढे तासभर ते दोघं बोलत होते आणि मी दुभाषा. चहाही मीच केला.

हजेरी चालूच राहिली, आता खिडक्या उघडायला. हेंकने आपलं जुनं यंत्र अप्पांना देऊन टाकलं. रोजचा आकडा डायरीत चढे. पण ठरलेल्या शनिवारपर्यंत कोबा काही वाळला नाही, व्हिसा मात्र संपला. स्खिपोल विमानतळावर अप्पा मुग्धाला म्हणाले, "तुझी वास्तुशांत मीच बुडवली गं." ती म्हणाली, "पण तडा एकही नाही, अप्पा." दोघंही माझ्याकडे बघेनात, म्हणून मी ट्रॉलीकडे बघत राहिलो.

दीड महिन्याने टाइल्स लागल्या आणि पूजा झाली. हेंक मोजे घालून उबदार जमिनीवर मांडी घालायची खटपट करत होता. पाटावर टॅब्लेट, त्यात अप्पा, धुतलेली टोपी घालून. आमचे गुरुजी आठवडाभर सॉफ्टवेअर तपासतात आणि शनिवारी पौरोहित्य करतात. त्यांनी कलशात आंब्याची पानं बुडवली, मंत्र म्हणत घरभर शिंपडायला हात वर उचलला, आणि टॅब्लेटमधून अप्पा ओरडले, "अहो गुरुजी, आवरा! थेंबभर पाणी मारायचं नाही तिथे!"