सोयाबीनच्या काट्यावर काकू

अन्याय माझ्या धाकट्या काकूवर झाला. मी आठवीत होते त्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या पहिल्या बाजारी, भर दुपारी, जवळा बाजारच्या आडतीवर. करणाऱ्यांत मीही होते, हे आधीच सांगते.

लग्नात काकू काडी होती. विहिरीला पाणी लागलं, घर सुधारलं, तशी आजीनं तिला रानात जायला बंदी केली. "मोठ्या घरच्या सुना उन्हात दिसत न्हाईत." मग काकू घरात बसून. दिवसभर गोड चहा, पामतेलातली भजी, सगळ्यांचं उरलंसुरलं. तिचं अंग भरत गेलं तसं आजी पाहुण्यांना कौतुकानं दाखवायची.

पुढं तिचे पाय सुजायला लागले, तहान भागेना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं वजन करून आणायला सांगितलं. तिथला काटा लेकरांना टांगून मोजायचा, मोठ्या माणसांचा नव्हताच. काका म्हणाले, "आपलं सोयाबीन चाललंच हाय, तिथंच हिला बी मोजू." कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

काकू पदर पुढं ओढून काट्यावर चढली. मापाडी वजनं टाकत गेला. माल पुकारावा तसं आडत्यानं पुकारलं, "दीड कट्टा." कट्टा म्हणजे साठ किलोचं पोतं. माल ओला असला की आडतीवर वजनातून काही किलो कापतात, त्याला कटती म्हणतात; म्हणून एक हमाल म्हणाला, "शेठ, माल ओला दिसून राहिला. कटती लावा." दुसरा म्हणाला, "आन उतरवायची हमाली कोन देईल?"

सगळी आडत हसली. काका हसले. मी तर पोट धरून हसले. काकू खाली उतरली आणि कुणाकडं न बघता टेम्पोत जाऊन बसली.

गावात ती पोचायच्या आधी 'दीड कट्टा' हे तिचं नवं नाव पोचलं होतं. कौतुक करणारी आजीच आता ताटात भाकर टाकून म्हणायची, "खाय, अजून अर्धा भरू दे."

दवाखान्याचं काकूनं नावच टाकलं. मी एकदा म्हटलं, चल. म्हणाली, "काहून? परत मोजतेल." पुढच्या उन्हाळ्यात तळपायाला काच लागली. जखम भरेना. आम्ही हळद लावत राहिलो. वास सुटला तेव्हा नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "साखर कधी तपासली होती?" ती कधी तपासलीच नव्हती.

पाय गुडघ्याखाली कापला. घरी आणली त्या संध्याकाळी पारावरच्या एकानं काकांना विचारलं, "आता किती भरली?"

मी आता गावोगाव वजन आणि साखरेची पत्रकं वाटते. लोक वाचतात, मान हलवतात, आणि समोरून जाड बाई गेली की एकमेकांना कोपर मारतात. तुम्हीही मारलं असेल. तुमच्या घरात अशी एक बाई आहे, तुम्ही तिला काय म्हणता ते तुम्हाला माहीत आहे. ते आजपासून बंद करा. या आठवड्यात तिला दवाखान्यात न्या, साखर तपासून घ्या, आणि तिथं कुणी हसलं तर त्याचं तोंड तुम्ही बंद करा.